आप्पांची बायको आणि तुमची जिजी

«माझी काकू पोळ्यानंतरच्या आठवड्यात गेली. आम्ही तिला जिजी म्हणायचो. तिचं माहेर दोंडाईच्याकडचं, सासर आमचं. काका, म्हणजे आप्पा, रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते, म्हणून दोघं आयुष्यभर भुसावळला राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती, त्यामुळे वडिलांनी मला त्यांच्याकडे ठेवलं. आठवीपासून बी.कॉम. होईपर्यंत मी जिजीच्याच हाताखाली वाढले. आता नाशिकला सासरी आहे. आप्पा भुसावळला एकटेच राहतात.

वर्षश्राद्धाला जिजीवर एक स्मरणिका काढावी, नातेवाइकांचे लेख आणि फोटो छापावेत, अशी माझी फार इच्छा आहे. पण विषय काढला की आप्पा ‘काही नको’ म्हणतात आणि उठून जातात. जिजीचं शिलाई मशीन एका गरजू बाईला द्यायचं मी ठरवलं, तर ते चिडले. कुणी वापरत नाही, तरी दर शनिवारी त्याला तेल घालत बसतात. चुलतभाऊ म्हणतो, तू दिल्या घरची, आमचं आम्ही बघू. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या नावाची घागर कोणी भरायची, यावरही कुजबुज चालू आहे. बरं, लिहायला बसले तर ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू’ याच्या पुढे पेन सरकत नाही. जिजीचं आणि माझ्या आईचं कधी पटलं नाही, शेवटची काही वर्षं तर बोलणंच बंद होतं. ते लिहायचं की गाळायचं? तिच्या साड्यांचं काय करायचं? आणि लिहायला लाज वाटते, पण आप्पांना दुःखच झालं नाही की काय, असंही कधी कधी मनात येतं.»

— एक पुतणी, नाशिक

ताई,

लाजत लाजत विचारलेल्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. आप्पांना दुःख झालंय, आणि ते तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय, फक्त तक्रार म्हणून. ज्या मशीनवर आता कुणी शिवत नाही, त्याला दर शनिवारी तेल घालणारा माणूस दुसरं काय करतोय? मालगाडीच्या ड्रायव्हरची हयात यंत्राजवळ जाते. इंजिन ताब्यात घेतलं की आधी खालून-वरून बघायचं, चाचपायचं, आणि मगच गाडी हलवायची. अशा माणसाला बायकोबद्दल चार वाक्यं बोलता येणार नाहीत कदाचित. पण तिच्या मशीनचा पट्टा सैल पडू द्यायचा नाही, बॉबिनपाशी धूळ बसू द्यायची नाही, हे त्यांना येतं, आणि तेच ते करतायत. तुमचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण बायकोसाठी करता येईल असं एकच काम त्यांच्या हातात उरलंय आणि तुम्ही ते टेम्पोत घालून न्यायला निघालात. चिडणारच की! मशीनचा विषय वर्षश्राद्धापर्यंत काढू नका, आणि त्यानंतरही आपणहून काढू नका. त्या गरजू बाईला मदत करायचीच असेल तर दुसरं मशीन घेऊन द्या. ते जिजीच्या नावाने द्या. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पत्र वाचताना मला आणखी एक जाणवलं. तुम्ही आणि आप्पा एकाच बाईसाठी शोक करताय, असं तुम्ही धरून चाललाय, आणि म्हणून तुमच्यासारखाच शोक त्यांनीही करावा असं तुम्हाला वाटतंय. तुमची जिजी सुरू होते तुम्ही आठवीत असताना. तोवर ती संसारात मुरलेली, वेणी घालून देणारी, उशीर झाला की रागावणारी बाई झालेली होती. आप्पांची बायको त्याच्या बरीच आधी सुरू होते. दोंडाईच्याकडची अहिराणी बोलणारी एक मुलगी रेल्वेच्या गावात येते. तिथे आजूबाजूला तावडी, पलीकडच्या क्वार्टरमध्ये हिंदी, आणि नवरा आज आहे तर उद्या रात्रभर नाही. त्या दिवसांत ती कशी रडली, कशी रुळली, मूल होत नाही म्हणून दोघं कुठकुठल्या डॉक्टरकडे आणि कुठल्या देवाला गेले, घरी परत येताना गाडीत काय बोलले, की काहीच बोलले नाहीत, हे तुम्हाला माहीत नाही आणि तुमच्या वडिलांनाही नाही. तुमचं लग्न झाल्यावर पुन्हा ती दोघंच उरली. त्या सगळ्या वर्षांचा साक्षीदार आता एकच माणूस आहे. आणि आपण त्याला सांगतोय, तीनशे शब्दांत लेख द्या, सोबत पासपोर्ट साइज फोटो.

म्हणून माझं पहिलं सांगणं: आप्पांच्या आठवणी त्यांच्याकडेच राहू द्या. तुम्ही तुमच्या जिजीबद्दल लिहा. तुमच्या लिखाणात त्यांची बायको पूर्ण आलीच पाहिजे, असा हट्ट नको. त्यांनी काही दिलं तर घ्या. नाही दिलं तर तुमचं लिखाण अपुरं राहिलं असं समजू नका.

ते देतील का? देतील, पण ‘तिची आठवण येते का हो आप्पा?’ असं विचारून नाही. त्या पिढीच्या पुरुषाला हा प्रश्न विचारला की तो चप्पल घालून चौकात निघून जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. कामाचं विचारा. रेल्वेतल्या रनिंग स्टाफच्या, म्हणजे गाडीवर जाणाऱ्यांच्या, घरी घड्याळ कसं चालायचं ते तुम्ही लहानपणी पाहिलंय. कॉलबॉय रात्री-अपरात्री वही घेऊन दारात यायचा, सही घ्यायचा, आणि दोन तासांत माणूस ड्युटीवर. ‘आप्पा, रात्री अडीचला कॉल आला तर डबा कधी व्हायचा? ती तुमच्या आधी उठायची की तुम्ही तिला उठवायचा? तिकडे रनिंग रूममध्ये डबा उघडल्यावर आत काय असायचं? तुम्ही दोन-दोन दिवस नसताना ती दाराला आतून काय लावायची?’ असे प्रश्न विचारा. यांना उत्तरं असतात. ‘कळण्याची भाकरी आणि ठेचा, दुसरं काय’ असं तुटक उत्तर येईल. ते पुरे. पुढचं वाक्य कदाचित चहा झाल्यावर येईल, कदाचित पुढच्या महिन्यात. समोरासमोर बसून विचारू नका. चालता चालता विचारा, किंवा ते मशीनला तेल घालत असतील तेव्हा शेजारी बसा आणि फडकं धरा. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. आणि लपून मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. त्यांना समजलं तर तो दरवाजा कायमचा बंद होईल.

एवढं मात्र बघा. गप्प राहणं आणि खचणं यांत फरक आहे. शनिवारचं तेल चालू आहे, तोवर मला फार काळजी वाटत नाही. पण जेवण सुटलं, रात्र-रात्र झोप नाही, दाढी-अंघोळीची टाळाटाळ, बीपीच्या गोळ्या तशाच पडलेल्या, ‘आता माझं काय राहिलं’ अशी भाषा, यातलं काही सलग दिसायला लागलं तर ‘दुःख आहे, निवळेल’ म्हणून सोडून देऊ नका. आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली मानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. त्यांना फोन करायला लावणं जमलं नाही तर तुम्ही करा, काय करायचं ते विचारा. आणि त्यांचा रोजचा डबा कोण देतंय याचा पत्रात उल्लेख नाही. स्मरणिकेच्या आधी तेवढं बघून घ्या.

आता स्मरणिका. मी उघड विरोधातली आहे, आधीच सांगते. आपल्याकडच्या अशा पुस्तिका तुम्हीही चाळल्या असतील. मुखपृष्ठावर मागचा रंग बदललेला, चेहरा उजळवलेला फोटो, ज्यात ती बाई स्वतःला ओळखणार नाही. दुसऱ्या पानावर कुणा पुढाऱ्याचा शोकसंदेश, ज्याने तिला कधी पाहिलेलं नाही. मग पंधरा लेख, आणि पंधराही लेखांत ती प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू. नाव झाकलं तर कुणाच्या काकूबद्दल आहे ते कळणार नाही. शेवटच्या पानावर छपाईला मदत करणाऱ्यांचे आभार. शिवाय कुणाचा लेख आधी, कुणाचा फोटो मोठा, यावरून भाऊबंदकीत जे व्हायचं ते होतं. तुमच्या चुलतभावाचा सूर बघता ते होणारच. एवढा खर्च आणि एवढी कटकट कशासाठी? एक दोनशे पानी वही घ्या. त्यात जिजीबद्दल लिहा, तुमच्या हाताने. इतरांनी सांगितलेलं लिहा, खाली कुणी सांगितलं त्याचं नाव घाला. झाली की चार झेरॉक्स काढा: एक आप्पांना, एक तुमच्या आईला, एक जिजीच्या माहेरी, एक तुमच्या मुलांसाठी. वर्षश्राद्धाची घाईही नको. दोन वर्षं लागली तरी चालेल.

पेन का सरकत नाही म्हणताय? विशेषणापासून सुरुवात करताय म्हणून. ‘कष्टाळू’ लिहिलं की वाक्य संपलंच, पुढे जायला रस्ता कुठे आहे? त्याऐवजी एक काम घ्या आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहा. हिवाळ्यात भरीत करायची ना? मग वांगी कुठून आणायची, बामणोदची मागायची की बाजारातली कुठलीही चालायची? क्वार्टरमध्ये काड्या पेटवायला जागा नव्हती, मग भाजायची कुठे, मागच्या अंगणात तुराट्यांवर की नाइलाजाने गॅसवर? गॅसवर भाजली तर आप्पा काय म्हणायचे? भरीत ठेचायची लाकडी बडगी तिने माहेरून आणली होती का? ठेचताना मिरच्या-लसूण आधी की वांगं आधी, कांद्याची पात किती, शेंगदाणे अख्खे की भरड, आणि पहिला घास कुणाला? हे सगळं लिहून काढलंत की तीन पानं होतील, आणि त्यात ‘कष्टाळू’ एकदाही लिहावं लागणार नाही.

मशीनचंही तसंच. ती कुणाची ब्लाउज शिवायची? क्वार्टरमधल्या बायकांकडून पैसे घ्यायची की नाही? घ्यायची तर ते कुठे ठेवायची, डब्यात, भिशीत, की पोस्टात? स्वतःच्या पैशाने तिने पहिली वस्तू कोणती घेतली? बायकांच्या पैशाची गोष्ट आपल्या श्रद्धांजल्यांमधून कशी कोण जाणे, कायम गायब असते. नवऱ्याचा पगार सगळ्यांना आठवतो. जिजीच्या शिलाईतून तुमच्या कॉलेजच्या फीला हातभार लागला होता का, ते आप्पांना विचारा. माझा अंदाज आहे की लागला असेल. पण माझ्या अंदाजाला काही किंमत नाही, तुम्ही विचारा.

आणि तिचं बोलणं तसंच्या तसं लिहा. तुम्ही शाळेतून रडत आल्यावर ती ‘काब्र रडस वं?’ म्हणाली असेल तर तेच लिहा. त्याचं ‘बाळ, तू का रडतेस?’ करू नका. असं बोलणारी बाई दोंडाईच्याकडून आलीच नव्हती. आपल्याच मुलखातलं उदाहरण आहे. आसोद्याला जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कविता छापून आल्या. त्या शिल्लक होत्या, कारण मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने त्या वेळोवेळी कागदावर टिपून ठेवल्या होत्या. घरातल्या बाईचं बोलणं तिच्याच बोलीत उतरवून घेणारं माणूस घरातलंच होतं. जिजी कवयित्री नसेल, पण टिपून घ्यायला तुम्ही आहात, आणि तिला तुमच्याइतकं ऐकलेलं दुसरं माणूस आप्पांखेरीज नाही.

वाईट काय ते पण लिहा. ती तापट होती का? पाहुणे गेल्यावर नावं ठेवायची का? साखरेचा डबा लपवायची? तुम्हाला कधी उगाच मारलं? लिहा. आणि एक वाक्य मात्र लिहू नका, असं मी हक्काने सांगते: ‘स्वतःला मूल नसल्याचं दुःख गिळून तिने मला वाढवलं.’ तुमच्या डोक्यात ते तयार असणार, सगळ्यांच्या असतं. ती काय गिळत होती ते तिने तुम्हाला सांगितलं होतं का? नसेल तर आपण ठरवायचं नाही. कदाचित तिला तुमचं ओझं झालं असेल पहिली दोन वर्षं. कदाचित तिला मूल नसण्याचं लोकांना वाटतं तेवढं काहीच वाटत नसेल. तिचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीभोवती गुंडाळलं की बाकीची जिजी, ती शिवणारी, भांडणारी, उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे घालून कावळ्यांना शिव्या देणारी, नुसती मागची आरास होऊन जाते.

मग तुमच्या आईचा प्रश्न. तो मला या सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो.

जावा-जावांचं पटत नाही, यात नवीन काही नाही. पण या दोघींमध्ये तुम्ही होतात. तुमच्या आईच्या जागी बसून बघा जरा. तिने आपली मुलगी शिकावी म्हणून दुसऱ्या बाईच्या घरी ठेवली, आणि त्या बाईच्या हाताखाली मुलगी बदलत गेली. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गावी आलात आणि म्हणालात, ‘जिजी अशी भाजी करत नाही, ती अशी करते.’ म्हणाला असालच, त्या वयात सगळ्या म्हणतात. आईने ते गिळलं असेल, आणि पुढच्या वेळी जाऊबाईंच्या लोणच्याला नाव ठेवलं असेल. तिकडे जिजीचीही तीच गत. वर्षभर पोर सांभाळायची, आजारपणं काढायची, आणि मे महिना आला की पोरीची पिशवी भरून एसटीत बसवून द्यायची, कारण ती शेवटी दुसरीची. दोघींनीही तुमच्या देखत हे कधी बोलून दाखवलं नसेल. भांडल्या असतील त्या वाटणीवरून, बांगड्यांवरून, नाही तर कुणाच्या तरी लग्नातल्या मानपानावरून.

म्हणून गाळू नका. ‘शेवटची काही वर्षं आई आणि जिजी बोलत नव्हत्या’ एवढं एक साधं वाक्य वहीत असू द्या. कोण चुकलं, याचा निवाडा नको. आणि ते लिहिण्याआधी आईला सांगा. तिला वही वाचताना कळायला नको.

आईकडे जायला हीच वेळ बरोबर आहे. चैत्र चालू आहे, ऊन चढलंय, घराघरात वाळवणं सुरू झाली असतील. गव्हाचं भिजवण तीन दिवसांचं असतं, म्हणजे कुरडयांसाठी गेलात की तुम्हाला आपोआप मुक्काम करावा लागतो. पहाटे चीक शिजायला लागला, एकीने हाटायचं आणि दुसरीने पातेलं धरायचं अशी वेळ आली की सहज विचारा, ‘जिजी आणि तू दोघी मिळून कधी कुरडया केल्यात?’ लग्नानंतरची पहिली वर्षं या दोघी एकाच सासूच्या हाताखाली होत्या, निदान आप्पांना क्वार्टर मिळेपर्यंत. तेव्हा त्या दोन नव्या सुना होत्या. सासूला चुकवून काय काय केलं असेल, कापूस वेचायला गेल्यावर काय बोलल्या असतील, हे तुमच्या आईखेरीज जगात कुणाला माहीत नाही. तरुणपणीची जिजी आता फक्त तुमच्या आईकडे आहे. आई सुरुवातीला ‘मला काय विचारतेस, तुझी जिजी तुला माहीत’ असा टोमणा मारेल. मारू द्या. तो तिचा हक्क आहे. चीक हाटत राहा.

घागरीची कुजबुज आता मिटवून टाकू. मुलगा नाही, म्हणून प्रश्न निर्माण झालाय असं नातेवाईक दाखवतायत, पण खरं तर प्रश्न निर्माणच होत नाही. बायको आधी गेली, मूल नाही, तर तिचं जे काय करायचं ते नवरा करतो. आप्पा आहेत, धडधाकट आहेत. घागर त्यांनी भरायची, नाव त्यांनी घ्यायचं, आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवावर घास, त्यांनी टाकायची. चुलतभावाने यावं, जेवावं, आणि पुरुषमंडळींत आखाजीचे पत्ते कुटत बसावं. या दिवशी आपल्याकडे तेवढी मोकळीक आहेच.

आणि तुमचं काय? आखाजी हा आपल्याकडे एकाच दिवशी दोघांचा सण आहे, पितरांचा आणि लेकींचा. सकाळी घरात पितरांची घागर भरली जाते आणि त्याच दिवशी सासरहून आलेल्या पोरी झोके घेतात. ‘दिल्या घरची’ म्हणून तुम्हाला वर्षभर कुणी काहीही ऐकवो, आखाजीला लेकीने माहेरी यावं यावर खान्देशात दुमत नाही. तुमचं माहेर कागदावर गावचं, पण तुम्ही भुसावळला जा. यासाठी चुलतभावाला विचारू नका, आप्पांना फक्त कळवा: ‘मी आखाजीला येतेय, घागर मी घेऊन येते.’ आदल्या दिवशी कुंभाराकडून नवी घागर घ्या, चांगली वाजवून. वर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे घ्या. सांजोऱ्या तुम्ही करा, जिजी करायची तशा, आणि बिघडल्या तरी त्याच ठेवा. पहिल्या वर्षी पुरणाचा स्वयंपाक करायचा की साधा, घागर कुठे मांडायची, यात घराघराची रीत वेगळी असते. ते तुमच्या आईला फोन करून विचारा. मोठ्या जाऊच्या घागरीबद्दल धाकटीला विचारलं जातंय, हे तिच्यापर्यंत पोचणंही गरजेचं आहे. ती स्वतः आली तर फारच उत्तम, पण ओढून आणू नका.

आप्पांनी त्या दिवशीही ‘काही नको’ म्हटलं तर? घागर भरून ठेवा आणि त्यांना म्हणा, ‘तुम्ही फक्त नाव घ्या.’ बायकोचं नाव आयुष्यात मोठ्याने न घेतलेल्या नवऱ्यांची ही पिढी आहे. ‘अगं’, ‘ऐकलंस का’, यावर संसार झालेले. आगारी टाकताना नाव घ्यावंच लागतं. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात जा, उगाच त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहू नका.

पुढची तारीखही डोक्यात ठेवा. जिजी सवाष्ण गेली, तेव्हा पितृपक्षात तिचा दिवस भाद्रपद वद्य नवमीचा, अविधवा नवमीचा. वर्षश्राद्ध तिथीने येईल आणि पाठोपाठ तीनेक आठवड्यांत ही नवमी. भटजींना एकदम दोन्ही विचारून घ्या, म्हणजे नाशिकहून दोनदा धावपळ नको. रीत असेल तर त्या दिवशी एखाद्या सवाष्णीला जेवू घाला. ब्लाउजसाठी जिजीकडे येणाऱ्या बायकांपैकी कुणी भुसावळात असेल तर तिलाच बोलवा, आणि वही सोबत ठेवा.

राहिलं किरकोळ. तुमच्या मोबाइलमध्ये जिजीचे व्हॉट्सअॅपवरचे बोललेले मेसेज असणार, ‘पोचलीस का’, ‘फोन का नाही केला’ असले. फोन बदलायच्या आधी तिचं चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि एक प्रत कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. जिजीचा स्वतःचा मोबाइल कुठे आहे ते बघा. काहीच वापर नसेल तर सिम साधारण ९० दिवसांनी बंद होऊ शकतं आणि १२० दिवस न वापरलेलं व्हॉट्सअॅप खातं काढून टाकलं जातं, म्हणजे ते बहुधा गेलंच असेल. पण फोनमधले फोटो असतील. फोन फॉरमॅट करून कुणाला देऊन टाकू नका.

साड्यांची एवढी घाई नाही. कपाट आप्पांच्या खोलीत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय उघडू नका. त्यांनी हो म्हटलं की आधी दोंडाईच्याला तिच्या बहिणी-भावजयांना विचारा, मग बाकीच्यांना. एखादी चांगली साडी तुमच्या आईला द्या. ती ‘मला काय करायची तिची साडी’ म्हणेल. तरी द्या. घडी मोडायची की नाही ते तिचं ती बघेल.